स्वबळ आणि कृपा

करवीर नगरीत ज्याचे आयुष्य गेले त्याला सामर्थ्याची महती निराळी शिकवावी लागत नाही. पहाटे तालमीच्या दारातून येणारा तांबड्या मातीचा वास, पोरांकडून जोर-बैठका काढून घेणारे वस्ताद, शाहू छत्रपतींनी बांधविलेल्या खासबाग मैदानातील कुस्त्यांच्या घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या हकिगती, आणि संकट आले असता मागे न सरता ते अंगावर घेण्याचा या मुलखाचा एकंदर स्वभाव, या सर्वांमधून येथील माणसाच्या मनावर बाळपणापासून एक संस्कार दृढ होत असतो : आज जे साधले नाही ते उद्या अधिक मेहनतीने साधेल, आणि जो हरला त्याची मेहनत कमी पडली. हा संस्कार मी हीन मानीत नाही. या संस्थानाने विद्येत, कलेत आणि सामाजिक न्यायाच्या कामी जे मिळविले त्याच्या मुळाशी हाच निर्धार होता. परंतु मनुष्याच्या अंतःकरणात एक प्रांत असा आहे की जेथे या निर्धाराचा अंमल चालत नाही. तेथे मेहनत जितकी वाढवावी तितकी हार खोल होत जाते, आणि हरलेला मनुष्य आपली हार कोणाला सांगूही शकत नाही, कारण ज्या गावात बळाची पूजा आहे त्या गावात दुर्बळतेची कबुली देण्यास जागा सापडत नाही. तो प्रांत सवयीच्या पापाचा. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच आहे.

पुढील प्रकरणांत प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या अध्यायांचे विवेचन केले आहे. या पत्राची प्रस्तावना लिहिणे हे काम किती जोखमीचे आहे याची जाणीव इतिहासच करून देतो. मार्टिन ल्यूथरने १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा या पत्राला त्याने एक विस्तृत प्रस्तावना जोडली. आणि दोन शतके लोटल्यावर, १७३८ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा सभेत ती प्रस्तावना वाचली जात असता जॉन वेस्लीच्या आयुष्याची दिशा पालटली. वेस्ली हा त्या वेळी कोणी उडाणटप्पू तरुण नव्हता. तो दीक्षित धर्मोपदेशक होता; ऑक्सफर्डमध्ये असताना त्याने व त्याच्या सोबत्यांनी उपवास, ठराविक वेळची प्रार्थना, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी आणि काटेकोर आत्मपरीक्षण यांचा असा नेम चालविला होता की लोकांनी त्यांची चेष्टा केली; पुढे तो अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत धर्मकार्यासाठी गेला आणि तेथून मनाने पराभूत होऊन परत आला. धर्म त्याच्यापाशी भरपूर होता, विसावा नव्हता. हे उदाहरण आरंभीच देण्याचे कारण असे की स्वबळाचा प्रश्न हा केवळ दुराचरणी माणसांचा आहे असा समज सर्वत्र पसरलेला दिसतो, आणि या प्रश्नाने सर्वांत अधिक गांजलेली माणसे बहुधा देवळाच्या आणि मंडळीच्या पहिल्या रांगेत बसलेली असतात.

सवयीचे पाप म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. खून, दरोडा, खोटे दस्तऐवज यांचा निवाडा करण्यास कोर्टकचेऱ्या आहेत, आणि ते गुन्हे बहुतेकांच्या आयुष्यात कधीच घडत नाहीत. मी ज्याविषयी बोलतो आहे ते पाप मनुष्य कितीही वेळा टाकतो आणि तितक्याच वेळा पुन्हा उचलतो. दिवस मावळला की ज्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात तो गृहस्थ सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याची गणना प्रथम होते. पण ज्याचा राग केवळ बायकोमुलांवरच बरसतो आणि कचेरीत पाऊल टाकताच मावळतो, जो जमाखर्चाच्या वहीत रोज एक लहानशी लबाडी करतो, ज्याची दृष्टी परस्त्रीवरून हटत नाही, भाऊबंदांच्या घरी चार पैसे आल्याचे ऐकून जिची झोप उडते, त्या सर्वांची जात तीच. किंबहुना या दुसऱ्या पंक्तीतील लोकांची स्थिती अधिक बिकट असते, कारण दारूला निदान व्यसन हे नाव मिळाले आहे. रागाला, मत्सराला आणि लबाडीला आपण स्वभाव म्हणतो, आणि स्वभाव म्हटले की पुढचा विचार खुंटतो.

या पापाचे चक्र कसे फिरते ते ज्याने अनुभवले आहे त्याला ओळखीचे वाटेल. पतनानंतर पश्चात्ताप होतो, आणि तो खोटा नसतो. त्या पश्चात्तापातून शपथ जन्मते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, पाळकांच्या समक्ष, कधी आजारी आईच्या उशाशी बसून ती घेतली जाते, आणि घेताना डोळ्यांतून आलेले पाणीही खरेच असते. काही दिवस शपथ टिकते. मग टिकलेल्या दिवसांची गणती मनात सुरू होते, गणतीबरोबर समाधान येते, समाधानाबरोबर आपल्यावरचा भरवसा परत येतो, आणि ज्या घटकेस हा भरवसा पुरा वसूल झाला त्याच घटकेस पहारा ढिला पडतो. पुढचे पतन पहिल्यापेक्षा खालचे असते, कारण आता मोडलेल्या शपथेची लाजही त्यात मिसळलेली असते. या चक्रात मनुष्य शपथेला आपला मित्र समजतो, आणि माझा सारा आक्षेप नेमका येथे आहे : शपथ ही त्या चक्राच्या बाहेरची वस्तू नव्हे, ती त्याचाच एक भाग आहे. पतनाने उतरलेली स्वतःची पत नवी शपथ एका क्षणात परत मिळवून देते, आणि तेवढ्यासाठी आतले काहीही बदलावे लागत नाही. ज्या मालकाच्या हाती घर बुडाले त्याच मालकाकडे पुन्हा घराचा कारभार सोपविण्याचा हा प्रकार आहे, आणि जामीनही तोच राहतो.

पौलाने सातव्या अध्यायात हीच अवस्था प्रथमपुरुषी वर्णिली आहे. जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा द्वेष वाटतो तेच घडते, असा त्या अध्यायाचा आशय. आणि त्यात पौल एक अधिक विलक्षण गोष्ट सांगतो, ती ही की आज्ञा पवित्र असूनही पापाने तिचाच आधार घेतला व निजलेली वासना जागी केली. ही गोष्ट आपल्या प्रांताने डोळ्यांनी पाहिली आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि ६ एप्रिल १९५० पासून त्या राज्यात संपूर्ण दारूबंदी जारी झाली. तिच्यामागील हेतूची थोरवी मी मान्य करतो; ज्या गरीब स्त्रीच्या घरी तिच्यामुळे महिन्यातून चार दिवस अधिक चूल पेटली असेल तिच्यापुढे कायद्याची निंदा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. तरीही हातभट्ट्या वाढल्या, चोरटी ने-आण सुरू झाली, आणि ज्यांची ऐपत होती त्यांनी प्रकृतीच्या सबबीवर परवाने मिळविले. कायदा बाटली काढून घेऊ शकतो. तहान काढून घेण्याची सनद त्याच्यापाशी नसते. मनुष्य स्वतःच्या मनात स्वतःवर जी बंदी जारी करतो तिचीही हीच गत होते. तेथेही हातभट्ट्या असतात आणि परवानेही असतात, आणि ते परवाने लिहिणारा अर्जदार स्वतःच असतो.

परंतु या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण व्यसनी माणसाचे नाही. ते महाराष्ट्राच्या एका अशा कन्येचे आहे की जिच्याइतके स्वबळ एकोणिसाव्या शतकात क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल, आणि म्हणूनच मी त्याच्यापाशी अधिक वेळ थांबणार आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून प्रथम पत्नीला आणि मग मुलीला संस्कृत शिकविले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. आणि दुष्काळात आईवडील गेल्यानंतर उरलेली ही मुलगी आपल्या भावाबरोबर पायी हजारो मैल चालली, उपाशी राहिली, थंडीत कुडकुडली, परंतु कोणापुढे तिने हात पसरला नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ गेला; विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेला; कडेवर तान्ही मुलगी घेऊन ती पुण्यास आली आणि १८८२ मध्ये तिने आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या तिच्या पुस्तकाचा रोख स्त्रियांनी आपल्या पायांवर उभे राहावे हाच आहे. आणि अमेरिकेत १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर तिने जे इंग्रजी पुस्तक लिहिले त्यात भारतीय स्त्रीच्या गरजा सांगताना पहिले स्थान तिने स्वावलंबनाला दिले, शिक्षण दुसरे, आणि स्वदेशी स्त्री-शिक्षिका तिसऱ्या.

आता या स्त्रीच्या आयुष्यातील पुढची घटना पाहावी. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला होता. धर्म स्वीकारताना तिने कोणाच्या दडपणाला भीक घातली नव्हती, आणि स्वीकारल्यानंतरही चर्चच्या अधिकाऱ्यांशी तिने निर्भीडपणे वाद घातले. तिचा विश्वास हा तिच्या विचाराने जिंकलेला प्रांत होता. १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले, काम वाढले, कीर्ती झाली. आणि तरीही बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली असता तिला उमगले की आपण ख्रिस्ती धर्म घेतला आहे, पण त्या धर्माचा प्रभू आपल्याला भेटलेला नाही. १९०७ मध्ये तिने आपल्या अक्षय निधीची जी साक्ष लिहिली तीत हा भेद तिने कोणताही आडपडदा न ठेवता मांडला आहे. बुद्धीला पटलेले सिद्धान्त, संस्कार, नेमधर्म आणि सेवा यांच्या बळावर आपण देवापुढे उभे राहू, अशी तिची समजूत होती, आणि त्या समजुतीखाली पापाचे ओझे जसेच्या तसे होते. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त तिच्या वाचनात आले. हा हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षे पाळकाचे काम करीत होता आणि १८५१ मध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतः उपदेश करीत असता, त्याचे मन ख्रिस्ताकडे वळले. रमाबाईंना त्या पुस्तकात आपले रूप दिसले. आपल्यापाशी देवाला देण्याजोगे काहीही नाही, दिलेले सर्व त्याच्याकडचेच आहे, असे तिने कबूल केले. आणि ज्या विसाव्याच्या शोधात ती बाळपणापासून तीर्थे पालथी घालीत आली होती तो तिला लाभला.

कित्येक टीकाकारांना येथे रमाबाईंच्या चरित्राचे दोन तुकडे पडलेले दिसतात : आधीची तेजस्वी सुधारक आणि नंतरची भाविक. मला हे मत मुळीच मान्य नाही. जिने आपले बळ देवापुढे ठेवले तिच्या हातून पुढे काय झाले ते पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून तिने शेकडो उपाशी मुली व स्त्रिया आणल्या, केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे केले, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. अमेरिकेतील ज्या मंडळाने तिला दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे वचन दिले होते त्याची मुदत १८९८ मध्ये संपली, आणि ती संपल्यावरही शेकडो तोंडांचा संसार तिने कोणत्याही निश्चित उत्पन्नाच्या हमीवाचून चालविला. त्या मुलींना तिने विणकाम, छपाई, शेती, तेलघाणी असे उद्योग शिकविले, म्हणजे १८८७ साली जे स्वावलंबन मागितले होते तेच दिले. आयुष्याची शेवटली अनेक वर्षे तिने हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. ते तिच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, केडगावीच छापून पुरे झाले. मनुष्यापुढे ताठ मानेने उभी राहणारी आणि देवापुढे गुडघे टेकणारी ही एकच स्त्री आहे, आणि मला तर असे दिसते की गुडघे टेकल्यानंतर तिची मान अधिकच ताठ झाली.

रमाबाईंच्या वृत्तान्तातील आणखी एक धागा येथे उलगडला पाहिजे, कारण तो दूरवर जाऊन फिरून आपल्याच दारी येतो. १८९८ मध्ये ती इंग्लंडात केझिक या गावी गेली. सरोवराकाठच्या या गावी १८७५ पासून दरवर्षी ख्रिस्ती लोकांचा एक मेळावा भरत असे आणि स्वतःच्या प्रयत्नाने पवित्र होण्याची धडपड सोडून ख्रिस्ताच्या सामर्थ्यावर विसंबावे हा तेथील शिकवणीचा गाभा होता. रमाबाईंनी तेथे भारतासाठी पवित्र आत्म्याच्या कार्याची याचना केली. आणि १९०५ च्या जून महिन्यात केडगावी जे जागरण झाले त्यात मुली रात्रंदिवस प्रार्थना करीत, आपली पापे उघडपणे कबूल करीत आणि चोरलेल्या वस्तू परत आणून देत. याच केझिक गावी १९०८ मध्ये फ्रँक बुकमन नावाचा एक अमेरिकन धर्मोपदेशक येऊन पोहोचला. ज्या संस्थेत तो पूर्वी काम करी तिच्या सहा विश्वस्तांविषयी त्याच्या मनात वैर धुमसत होते. तेथील एका छोट्या प्रार्थनामंदिरात ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयी एका बाईचे भाषण ऐकत असता त्याला जाणवले की त्यांची चूक काहीही असो, आपल्या द्वेषाचा मालक आपणच आहोत. त्याने सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही, आणि त्याच्या मोकळेपणात त्यामुळे काहीही उणे झाले नाही.

पुढे बुकमनभोवती जो ऑक्सफर्ड ग्रुप जमला त्याने पराभवाची कबुली, दुसऱ्यापाशी पापांगीकार, झालेल्या नुकसानीची भरपाई आणि दुसऱ्याला साहाय्य हा क्रम शिकविला. त्याच गटाच्या संपर्कातून न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा एक शेअरदलाल दारूतून बाहेर आला. आणि १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी त्याची व डॉ. बॉब या शल्यविशारदाची गाठ पडून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना जन्मास आली. आज महाराष्ट्रात गावोगावी तिच्या सभा भरतात. साध्या खुर्च्या, चहाचे कप, आणि एकामागून एक उठून आपले नाव व आपला मद्यपाश सांगणारी माणसे, असे त्या सभांचे रूप असते. बारा पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी अशी की दारूपुढे आमचे बळ संपले, हे आम्ही मान्य केले. पैलवानाला चीत झाल्याची कबुली देणे जितके कठीण तितकीच ही पायरी आमच्या माणसांना कठीण जाते. मात्र ज्याने ती ओलांडली त्याला त्या खोलीत कोणीही कमी लेखीत नाही.

या संघटनेने देवाची ओळख ज्याच्या त्याच्यावर सोपविली, आणि सर्व धर्मांच्या व धर्म नसलेल्या माणसांना दार खुले ठेवण्यासाठी ते योग्यच होते. ख्रिस्ती माणसाला मात्र इतक्यावर थांबता येत नाही. पौलाचा सहावा अध्याय सांगतो की विश्वासाने ख्रिस्ताशी जोडला गेलेला मनुष्य त्याच्या मरणात सहभागी झाला आहे. पापाचा अंमल ज्या माणसावर चालत होता तो माणूसच वधस्तंभावर संपला. म्हणजे येथे जुन्या कर्जदाराला नवी मुदत मिळालेली नाही, त्याच्या नावाचे खातेच बंद झाले आहे. आणि आठव्या अध्यायात जो आत्मा त्याच्या ठायी वस्ती करतो तो मेलेल्यांतून येशूला उठविणाऱ्याचा आहे. हा सिद्धान्त बुद्धीने समजणे फारसे अवघड नाही. रात्री दहा वाजता, घरात कोणी नसताना, हात त्या कपाटाकडे जात असताना तो खरा मानणे अवघड आहे, आणि विश्वास हा शब्द पौल त्या क्षणासाठी वापरतो.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो कोल्हापुरात जितका तीव्र आहे तितका क्वचितच अन्यत्र असेल. रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ साली येथे काम सुरू केले, तेव्हापासून या परिसरातील मंडळ्यांत जे लोक आले त्यांच्यापैकी पुष्कळ जण अस्पृश्य मानलेल्या समाजांतील होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, ज्यांना तू काही नाहीस हे जन्मापासून ऐकविले गेले, त्यांच्यापुढे पुन्हा तू दुर्बळ आहेस असा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ नव्हे काय? याच संस्थानातील कागल जहागिरीत माणगाव येथे १९२० च्या मार्चमध्ये जी परिषद भरली तीत शाहू महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांकडे बोट दाखवून तुमचा पुढारी तुम्हाला सापडला असे त्या जनसमुदायाला सांगितले. आपले बळ ओळखा, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका, हा त्या परिषदेचा संदेश होता, आणि तो मला पूर्ण सत्य वाटतो.

हा आक्षेप टाळून पुढे जाणारा उपदेशक आपल्या श्रोत्यांशी प्रामाणिक नाही. माझे उत्तर असे : एका मनुष्याने दुसऱ्यापुढे वाकणे आणि मनुष्याने देवापुढे आपली असमर्थता मान्य करणे या गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि पहिलीला दुसरीचे सोंग देऊन ज्यांनी गोरगरिबांना दाबून ठेवले त्यांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, कृपेच्या तत्त्वाचा विश्वासघात केला. कृपा प्रथम बलवानाच्या बळाला हात घालते. पौल स्वतः उच्च कुळाचा, शास्त्रनिपुण, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष म्हणवून घेणारा मनुष्य होता, आणि या सर्वांची गणना त्याने तोट्यात केली. ज्याला जगाने काहीच दिले नाही त्याच्याकडून देव काही हिसकावून घेत नाही. त्याला तो पुत्रपणाचा हक्क देतो, जो कोणत्याही पाटलाच्या वा दरबाराच्या मेहेरबानीवर अवलंबून नसतो. त्या मंडळ्यांतून शिकून पुढे आलेल्या स्त्रीपुरुषांच्या चालण्याबोलण्यातील आत्मसन्मान मी पाहिला आहे. तो देवापुढील नम्रतेमुळे खचलेला मला तरी कधी दिसला नाही.

आपल्या भाषेला हा विचार उपरा नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वतःच्या मनाशी झगडून थकलेल्या आणि देवाच्या पायांशी पडलेल्या जीवाचा आक्रोश मराठी मनाने तुकोबांच्या मुखातून ऐकलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तुकारामाच्या पुलावरूनच मी ख्रिस्तापर्यंत आलो, असे त्यांचे सांगणे होते. टिळकांचा राग मोठा होता. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त तो लपविलेला नाही, आणि पतीच्या मोठेपणावर त्यामुळे डागही पडू दिलेला नाही. मला त्या ग्रंथात अधिक मोलाचे वाटते ते लक्ष्मीबाईंचे स्वतःचे सोवळ्याविषयीचे निवेदन. विटाळाची ती भावना त्यांच्या हाडीमांसी खिळलेली होती; पतीच्या युक्तिवादांनी ती तसूभरही हलली नाही, आग्रहाने तर अधिकच घट्ट झाली; आणि मग एके दिवशी हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केलेले आहेत, हे त्यांना आतून दिसले, आणि जन्माची सवय गळून पडली. ज्यांना हे सवयीच्या पापाचे उदाहरण वाटत नाही त्यांनी, ज्यांना त्या सोवळ्याने दूर ठेवले त्यांना विचारून पाहावे.

तथापि लक्ष्मीबाईंना एका क्षणी जे लाभले ते सर्वांना एका क्षणी लाभते असे मी म्हणणार नाही, आणि तसे म्हणणाऱ्या उपदेशकांविषयी माझी तक्रार आहे. मोठ्या मंडपात एक रात्र हात वर केला की जन्माचे बंधन तुटते, या आशेने गेलेली आणि महिन्याभरात पुन्हा पडलेली माणसे मग लाजेने मंडळीत येईनाशी होतात. त्यांना वाटते की आपला विश्वासच खोटा होता. खरे पाहता त्यांना शपथेचाच एक नवा प्रकार देण्यात आला होता. मिलान शहरातील बागेत ३८६ साली ऑगस्टीनची जी मुक्तता झाली तीही वर्षानुवर्षांच्या कुतरओढीनंतर. आणि बिशप झाल्यावर लिहिलेल्या आत्मनिवेदनात आपल्याला अजून कोणते मोह छळतात याची त्याने जी लांबलचक झाडाझडती दिली आहे ती वाचून कित्येकांना धीर येईल. मनुष्य स्वतःच्या इच्छेच्या बळावर निष्पाप राहू शकतो, असे म्हणणाऱ्या पेलाजियसच्या मताशी तो पुढे आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडला, याचे कारण केवळ तात्त्विक नव्हते.

म्हणून या पुस्तकात कृपेच्या साधनांना मी पुष्कळ जागा दिली आहे. प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन आणि मंडळीची संगत या गोष्टी जुन्याच आहेत; पण एका विश्वासू माणसापाशी नाव घेऊन केलेला पापांगीकार ही आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून जवळजवळ नाहीशी झालेली गोष्ट पुन्हा प्रचारात यावी असा माझा आग्रह आहे. गुप्ततेत वाढलेले पाप उजेडात एकदा बोलले गेले म्हणजे त्याचे निम्मे बळ जाते, हे मी पाहिले आहे. ऐकणारा कोण असावा, त्याने तोंड कसे मिटून ठेवावे, आणि जेथे कोणा स्त्रीला वा लेकराला इजा पोहोचते आहे तेथे केवळ ऐकून न थांबता त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था कशी करावी, याची चर्चा पाचव्या प्रकरणात आहे. भरपाईचे प्रकरण जक्कयाच्या कथेवर आधारलेले आहे. ज्याने ज्याचे घेतले असेल त्याने ते परत द्यावे, आणि परत देताना पावतीची अपेक्षा धरू नये. दारूच्या बाबतीत देहाचाही भाग असतो. एकाएकी सोडल्यास प्राणावर बेतू शकते, तेव्हा वैद्याचा सल्ला घेण्यात विश्वासाची काही उणीव नाही, हे मी पुस्तकात ठळकपणे नोंदविले आहे.

पुस्तक एकट्याने वाचण्यासाठी लिहिलेले नाही. दोघांनी मिळून, किंवा चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा जमून, एकेक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे. न बोलणाऱ्याला कोणी टोचू नये. घरातील वडील माणसांना वा ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना वाचून दाखविणाऱ्यांस माझी एकच विनंती आहे. पत्राचा सातवा अध्याय वाचायला घ्याल त्या दिवशी हाताशी वेळ ठेवा, आणि तो अध्याय संपला म्हणून उठू नका. त्याच बैठकीत आठव्याच्या पहिल्या अकरा ओव्या वाचून मगच पुस्तक मिटा.